संमतिपत्राची मराठी

माझे मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. वय त्र्याहत्तर, मुक्काम राजापूर तालुक्यातले एक गाव. तीन वर्षांपूर्वी लघवीचा त्रास सुरू झाला. वयोमानाने होते असे, म्हणून त्यांनी वर्षभर अंगावर काढला. अखेरीस तपासण्या झाल्या, रक्तातला पीएसए बराच वाढलेला निघाला, बायोप्सी झाली आणि प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत गेल्याचे निदान झाले. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे हार्मोनचे इंजेक्शन सुरू झाले. पुढे मुंबईतल्या एका रुग्णालयात ते दाखवायला गेले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी एका क्लिनिकल ट्रायलविषयी सांगून अठरा पानांचे मराठी संमतिपत्र त्यांच्या हाती ठेवले. घरी न्या, वाचा, घरच्यांशी बोला, घाई नाही, असेही सांगितले. (डॉक्टरांनी घाई केली नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जी तक्रार आहे ती त्यांच्याविषयी नाही.) मामा ते कागद घेऊन थेट माझ्याकडे आले. म्हणाले, "तू कॉलेजात मराठी शिकवतोस ना? मग हे मराठी मला सांग."

एका वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. ते वाक्य असे होते : 'आपणांस यादृच्छिकीकरणाद्वारे १:१ या प्रमाणात दोन अभ्यास-भुजांपैकी एका भुजेमध्ये नियुक्त करण्यात येईल.' मामांचा प्रश्न अगदी सरळ होता. "म्हणजे दोन हातांपैकी एका हातात इंजेक्शन देणार, असंच ना रे? डावा असला तर बरं."

मी हसलो आणि मग हसू जिरले. छत्तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवलेला हा माणूस. त्याला वाचता येत नाही असे कोण म्हणेल? तरीही त्या अठरा पानांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांच्यापर्यंत 'सुई कोणत्या दंडात टोचणार' एवढ्याच रूपात पोहोचली होती. नवे औषध मिळेलच असे नाही, ते न मिळण्याची शक्यता निम्मी आहे, आणि कोणाला मिळावे हे डॉक्टरसुद्धा ठरवणार नाहीत, ही ती गोष्ट. मामा सही करायला जवळजवळ तयार होते. ती सही कायद्याने संमती ठरली असती.

खरे तर 'भुजा' हा शब्द मलाही क्षणभर समजला नव्हता. इंग्रजीत ट्रायलमधल्या प्रत्येक गटाला 'आर्म' म्हणतात. कोणा अनुवादकाने कोश उघडला आणि भुजा उचलली. प्रोस्टेटला 'पुरःस्थ ग्रंथी' म्हटले होते. (कोशांत 'अष्ठीला' असाही एक शब्द मिळतो, तो वापरला नाही हे उपकारच.) इंजेक्शनाच्या दुष्परिणामांच्या यादीत 'लैंगिक कार्यातील बिघाड' होता. तो मामांना नीट समजला असावा, कारण मामी चहा घेऊन आल्या तेव्हा त्या पानावर त्यांनी तळहात ठेवला होता.

हा अनुभव येथे मांडण्याचे कारण असे की, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, आपला आहे. आपला म्हणजे मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा. आपल्या अभ्यासक्रमांत 'उपयोजित मराठी' नावाची एक अभ्यासपत्रिका असते. तीत जाहिरातलेखन असते, वृत्तलेखन असते, कार्यालयीन पत्रव्यवहार असतो. आपण ती कनिष्ठ प्राध्यापकांच्या गळ्यात मारतो आणि स्वतः कवितेकडे वळतो. मीही हेच केले आहे. ज्या मजकुराखाली माणूस स्वतःच्या शरीराविषयी सही करतो, तो मजकूर मराठी गद्याचा नमुना म्हणून वर्गात आणावा असे मला वीस वर्षांत एकदाही सुचले नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो. माणसावर 'प्रयोग' करणे हेच वाईट, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा इतिहास थोडा वाचला तरी हा विचार टिकत नाही. शिकागोतील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की वृषणे काढून टाकली किंवा स्त्री-संप्रेरक दिले, की हा पसरलेला कर्करोग आक्रसतो. मामांचे इंजेक्शन हे त्याच शोधाचे नातवंड. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल मिळाले. मधल्या काळात हजारो रुग्णांना स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि गुण येतो हे सर्वांना दिसत होते. पण १९६० च्या दशकात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन, रुग्णांचे गट पाडून, पद्धतशीर तुलना केली तेव्हा निराळेच निघाले. रोज पाच मिलिग्रॅमची ती गोळी कर्करोगाने होणारे मृत्यू कमी करीत होती आणि हृदयविकाराने होणारे वाढवीत होती. एका खोलीत एका रुग्णाकडे पाहणाऱ्या डॉक्टरला हे दिसणे शक्य नव्हते. त्याला दिसत होता तो बरा वाटू लागलेला रुग्ण. आणखी अलीकडचे उदाहरण म्हणजे ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम प्रोस्टेटचा कर्करोग टाळतात, या समजुतीचे. दुसऱ्याच कर्करोगांवरच्या अभ्यासांतून ती ओझरती पुढे आली आणि रुजली. २००१ पासून ३५,५३३ निरोगी पुरुषांवर तिची परीक्षा झाली. उपयोग दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि २०११ मध्ये कळले की नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक झाला होता. सज्जन माणसांची सज्जन समजूत होती ती. ट्रायल झाली नसती तर आजही दुकानांत त्याच कारणासाठी खपली असती.

ट्रायल हवीच. प्रश्न आहे तो ती कोणत्या शब्दांत विचारली जाते याचा.

न विचारता केले की काय होते, याचेही उदाहरण याच ग्रंथीच्या इतिहासात आहे, आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. न्यूयॉर्कमध्ये बावरी नावाचा भाग आहे. एके काळी तेथे दारूच्या आहारी गेलेल्या, बेघर पुरुषांची स्वस्त निवासगृहे होती. पेरी हडसन नावाच्या मूत्ररोगतज्ज्ञाने १९५१ ते १९६६ या काळात तेथून बाराशेहून अधिक पुरुष गोळा केले आणि त्यांच्या प्रोस्टेटच्या उघड्या शस्त्रक्रियेने बायोप्सी केल्या. ज्यांच्यात कर्करोग सापडला त्यांची ग्रंथी काढली, वृषणे काढली, वर स्त्री-संप्रेरक दिले. बदल्यात काही दिवस स्वच्छ बिछाना, तीन वेळचे जेवण आणि फुकट वैद्यकीय देखभाल. बायोप्सीने नपुंसकत्व येऊ शकते, गुदाशयाला इजा होऊ शकते, आणि ज्या उपचारांसाठी हे चालले आहे त्यांचा उपयोग अद्याप सिद्ध झालेला नाही, हे त्या माणसांना सांगितले गेले नाही. ही आजच्या अर्थाने ट्रायलसुद्धा नव्हती, कारण तुलनेचा गटच धड नव्हता. रॉबर्ट अरोनोविट्झ या इतिहासकाराने जुने कागद उकरून काढले, २०१३ मध्ये ते वृत्तपत्रांत आले, तेव्हा जगाला कळले. मला या हकीकतीत सर्वाधिक अस्वस्थ करते ते हे की हडसन लपूनछपून काही करीत नव्हता. निबंध छापत होता. वाचणारेही होते. त्या माणसांना काय सांगितले, हा प्रश्न त्या वाचकांच्या मनात आला नाही.

आता या विषयातल्या माझ्या आवडत्या प्रकरणाकडे येतो. ते कोणाही साहित्याच्या अध्यापकाने वाचावे असे आहे.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात 'प्रोटेक्ट' नावाच्या अभ्यासासाठी ८२,४२९ पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ज्यांचा कर्करोग ग्रंथीपुरताच मर्यादित होता अशांपैकी १,६४३ जणांनी तीन गटांत वाटले जायला मान्यता दिली. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार, आणि तिसऱ्यावर तूर्त काही न करता नियमित लक्ष. हा अभ्यास होण्याआधीच बुडेल अशी भीती होती. ज्याला नुकताच कर्करोग सांगितला आहे तो माणूस 'तुमचे काय करायचे ते योगायोगाने ठरवू' याला हो म्हणेल तरी कसा? पूर्वतयारीच्या टप्प्यात नकारच अधिक येत होते. तेव्हा जेनी डोनोव्हन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट केली. डॉक्टर-परिचारिका आणि रुग्ण यांच्यातली संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि ती ऐकली. आपण कादंबरीतले संवाद वाचतो तशी, कोणता शब्द कोणाच्या कानावर कसा पडतो ते पाहत.

जे आढळले ते असे. तिसऱ्या पर्यायाला वैद्यकात 'वॉचफुल वेटिंग' म्हणत, म्हणजे लक्ष ठेवून थांबणे. डॉक्टरांच्या दृष्टीने हा निरुपद्रवी, किंबहुना काळजी व्यक्त करणारा शब्द. रुग्णांना ऐकू येत होते ते : मी मरेपर्यंत हे नुसते बघत बसणार. 'ट्रायल' या शब्दाने काहींना वाटत होते की 'करून पाहू, काय होते ते बघू' असा जो तिसरा ढिला पर्याय आहे त्याचेच हे नाव. शिवाय सांगण्याचा क्रमही पक्षपाती होता. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार आधी, तपशिलाने. तिसरा पर्याय शेवटी, दोन वाक्यांत, ओशाळल्यासारखा. मग शब्द बदलले. 'सक्रिय देखरेख' असे नाव आले आणि त्या देखरेखीत काय काय तपासले जाईल हे नेमके सांगितले जाऊ लागले. 'ट्रायल'च्या जागी 'स्टडी' आले, तिन्ही पर्याय सारख्याच विस्ताराने मांडले जाऊ लागले. औषध तेच, डॉक्टर तेच. होकार ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले. हा निबंध २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला.

अभिधा, लक्षणा, व्यंजना आपण दरवर्षी शिकवतो. गंगेवरच्या गवळीवाड्याचे ठरीव उदाहरण देतो, मुले ठरीव उत्तर लिहितात. एका शब्दाच्या व्यंजनेपायी एका देशातली एवढी मोठी वैद्यकीय चाचणी अडली होती आणि ती व्यंजना ओळखल्यावर सुटली, हे उदाहरण त्यापुढे ठेवून पाहा. आणि सुटली म्हणून काय मिळाले? पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, निष्कर्ष आले : १,६४३ पैकी प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावले ४५ जण, २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत ते प्रमाण जवळपास सारखेच. देखरेखीच्या गटात रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, ९.४ टक्के, हेही त्याच निष्कर्षात आहे आणि ते झाकू नये. पण 'लक्ष ठेवू' म्हणजे 'मरू देऊ' नव्हे, हे आज डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकतो तो त्या १,६४३ जणांमुळे.

येथे कोणी चतुर वाचक आक्षेप घेईल, आणि तो मलाही छळत आला आहे. शब्द बदलल्याने होकार वाढले, तर हे स्पष्टीकरण झाले की मोहिनी? साबणाच्या जाहिरातीतही शब्द बदलले की खप वाढतोच. ज्याला व्यंजना कळते त्याला ती वापरून फसवताही येते. माझे उत्तर अर्धेमुर्धे आहे. डोनोव्हन यांच्या गटाने ज्या गोष्टी दुरुस्त केल्या त्या बहुतेक अशा होत्या की जिथे रुग्णाला चुकीचेच काही समजत होते. पण अशी दुरुस्ती कुठे संपते आणि आर्जव कुठे सुरू होते, ही रेघ कोणत्याही नियमावलीत आखून मिळणार नाही. ती प्रत्येक वाक्यात आखावी लागते.

आपल्याकडे काय होते ते आता सांगतो. मामांच्या प्रकरणानंतर मी एका परिचित डॉक्टरांकडे या विषयाची कुरकुर केली. त्यांनी ती माझ्यावरच उलटवली. त्यांच्याकडे एका अभ्यासाचे संमतिपत्र भाषांतर होऊन आले होते. 'तुम्हीच सुधारून द्या' म्हणाले. मी हौसेने बसलो. तीन रविवार घालवले. भुजा काढून 'गट' केले. यादृच्छिकीकरणाच्या जागी लिहिले, 'तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे संगणकावर ठरेल. ते डॉक्टर ठरवणार नाहीत.' दोन आठवड्यांनी कागद लाल खुणांनी भरून परत आले.

तेव्हा मला 'उलट-भाषांतर' ही चीज कळली. मूळ इंग्रजी मजकुराचे मराठी होते. मग दुसरा अनुवादक, मूळ न पाहता, त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करतो. आणि दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून ते जुळतात का पाहतात. जुळले की मराठी बरोबर. हेतू चांगला आहे, काही गाळले-वाढवलेले त्यात पकडले जाते. पण याचा परिणाम काय होतो पाहा. 'भुजा' परत जाताना बिनचूक 'आर्म' होते, उत्तीर्ण. 'यादृच्छिक' परत जाताना बिनचूक 'रँडम' होते, उत्तीर्ण. माझी चिठ्ठी परत गेली ती 'लॉटरी' होऊन, आणि मूळात लॉटरी नव्हती. म्हणजे मराठी जितकी लाकडी, तितकी ती सुखरूप परत पोहोचणार. जितकी मराठी, तितकी नापास होणार. मराठी हे या प्रवासातले मधले स्टेशन आहे. गाडी थांबते, पण उतरत कोणीच नाही.

आणि ज्याने उतरायचे तो रुग्ण या तपासणीत कुठेच नसतो. २०१९ पासून लागू असलेले नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम स्पष्ट म्हणतात की माहिती अतांत्रिक आणि सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी. दुर्बल गटांतल्या रुग्णांवर अगदी नव्या रसायनाची ट्रायल असेल तर संमती घेतानाचे दृश्य-ध्वनिमुद्रणही सक्तीचे आहे. कॅमेऱ्यात काय टिपले जाईल? वाचून दाखवणारा वाचतो आहे, ऐकणारा मान डोलावतो आहे. आपल्या वर्गांतही मुले मान डोलावतात.

लाल खुणांचा राग ओसरल्यावर मात्र मला मान्य करावे लागले की 'चिठ्ठी' या शब्दाची परीक्षा मी स्वतः पुरेशी घेतली नव्हती. योगायोगाने निवड करण्यासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाच्या अंगाला काहीतरी चिकटलेले आहे. मामांना भुजेचा खरा अर्थ मी प्रथम सांगितला तेव्हा ते चटकन म्हणाले होते, "म्हणजे कौल लावायचा." कोकणातल्या माणसाला हेच सुचणार. पण कौल लावतो तो देवाला उत्तर ठाऊक आहे म्हणून. पाकळी उजवीकडून पडली काय, डावीकडून पडली काय, तिच्यामागे जाणणारा कोणी आहे. येथे तर कोणालाच उत्तर ठाऊक नाही म्हणून हा खटाटोप. मग 'सोडत' म्हणावे? सोडत म्हटले की म्हाडाची घरे डोळ्यांपुढे येतात. ज्याचा नंबर लागला तो जिंकला, उरलेले हात हलवीत परत गेले. सोडत म्हटल्यावर नवे औषध हे बक्षीस होऊन बसते, आणि ते बक्षीस आहे की नाही हेच तर शोधायचे आहे. माझ्या 'चिठ्ठी'ची लॉटरी करणाऱ्या त्या अनामिक अनुवादकाने नकळत याच धोक्यावर बोट ठेवले होते.

उत्तर मामांच्याच घरातून आले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली होती. पंचांनी कलमे, मळ्याची जमीन, कातळ, घरातली पडवी असे सगळे धरून वाटे पाडले. हा वाटा बरा की तो, यावर भावाभावांत दोन दिवस वाद झाला, इकडचे एक कलम तिकडे गेले. आणि जेव्हा कोणता वाटा उजवा हे कोणालाच छातीवर हात ठेवून सांगता येईना तेव्हा चिठ्ठ्या टाकून एका पोराला उचलायला लावल्या. ते पोर म्हणजे आमचे मामा. "म्हणजे वाटे समान आहेत असं वाटतं तेव्हाच चिठ्ठी टाकतात," ते म्हणाले. "एक वाटा उघड उघड चांगला असेल, तर चिठ्ठी टाकणं हीच लबाडी." वैद्यकीय नीतिशास्त्रात ज्या कल्पनेवर ग्रंथ लिहिले गेले आहेत ती यापेक्षा नेमकी मी कुठे वाचलेली नाही. दोन उपचारांपैकी कोणता चांगला याविषयी जाणकारांमध्ये खरीखुरी अनिश्चितता असेल तरच ट्रायल नैतिक ठरते.

त्यावर त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला. "पण इथे पंच कोण?" पंच आहेत, त्यांना नैतिकता समिती म्हणतात, आणि तिचा पत्ता-फोन संमतिपत्राच्या सोळाव्या पानावर बारीक टायपात होता. नियमांप्रमाणे या समितीत किमान सात जण असावे लागतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. त्यांत एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. त्या सामान्य नागरिकाचे मुख्य काम, माझ्या समजुतीप्रमाणे, संमतिपत्र वाचून 'मला हे कळले नाही' असे म्हणणे. मराठीच्या प्राध्यापकाला याहून योग्य जागा कोणती? आपण परिभाषा समित्यांवर जातो, पुरस्कार समित्यांवर तर धावतच जातो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०११ ते २०१७ मध्ये २२४ पुरुषांवर एक ट्रायल झाली. धोका जास्त असलेल्या प्रोस्टेट कर्करोगात किरण फक्त ग्रंथीवर द्यावेत की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही, हा तिचा प्रश्न. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण एका बाजूला ८१.२ टक्के, तर लसिकाग्रंथींसह किरण दिलेल्यांत ९५ टक्के. आयुर्मानात मात्र तोवर फरक दिसला नव्हता. २०२१ मध्ये हे छापले गेले आणि जगभर चर्चिले गेले. बाहेरच्या कोणा कंपनीचे औषध येथे खपवायचे नव्हते. प्रश्न इथला, रुग्ण इथले, उत्तर जगाच्या उपयोगाचे. हे मुद्दाम सांगतो, कारण ट्रायल म्हटले की 'परदेशी कंपन्यांचे गिनिपिग' एवढेच बोलण्याची आपल्याला सवय झाली आहे. पण एक पाहा. अशा निबंधांच्या पहिल्या कोष्टकात रुग्णांचे वय असते, पीएसए असतो, रोगाची पायरी असते. संमती कोणत्या भाषेत घेतली याचा रकाना नसतो.

मामांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. वाटणीची उपमा जुळल्यावर ते ट्रायलला तयार झाले होते. मग त्यांनी संमतिपत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि अकराव्या पानावर त्यांना दिसले की पहिले सहा महिने दर तीन आठवड्यांनी मुंबईला यावे लागेल, प्रवासखर्च मिळेल. ते वाक्य स्वच्छ मराठीत होते. मामींना गुडघ्यांनी चालवत नाही, शेतात भात उभे होते. त्यांनी नकार कळवला. डॉक्टरांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नेहमीचे उपचार चालू ठेवले. सध्या ते रत्नागिरीला इंजेक्शन घेतात. मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो. इतके समजावून सांगितल्यावर माणसाने हो म्हणावे असे आपल्याला वाटतेच, आणि मघाच्या आक्षेपाचे बीज इथेच आहे.

यंदा आमच्या तृतीय वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत मी ते 'अभ्यास-भुजां'चे वाक्य दहा गुणांसाठी घातले : 'एखाद्या सत्तरीच्या गृहस्थांना समजेल असे पुन्हा लिहा.' विभागात कुरबुर झाली. याचा साहित्याशी संबंध काय, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. उत्तरे बहुतेक वाईट आली. निम्म्या मुलांनी 'यादृच्छिक'च्या जागी 'रँडमली' लिहिले. एका मुलीचे उत्तर मात्र असे होते : 'तुमच्यासारख्या रुग्णांचे दोन गट केले जातील. एका गटाला नेहमीचे उपचार मिळतील. दुसऱ्या गटाला त्यासोबत एक चांगले नवीन औषधही मिळेल. तुम्ही कोणत्या गटात जाल हे ना तुम्ही ठरवणार, ना डॉक्टर. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरेल.' मी आठ गुण दिले. दोन का कापले म्हणून ती विचारायला आली, तेव्हा तिसऱ्या वाक्यातल्या 'चांगले'वर बोट ठेवले. ती ते पाहत राहिली. मग म्हणाली, "पण सर, नवीन आहे म्हणजे चांगलंच असणार ना? नाहीतर माणसांना देतील कशाला?"